दिसतोय तोवर उतरवून घे

जूचंद्र, नायगाव पूर्व
श्रावण, रविवार

चि. बाळास,

काल फोनवर तू जाता जाता जे बोललास, त्याने माझी झोप उडाली. डीव्हीडीचा ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही, एवढंच असतं तर मी फोनवरच दोन गोष्टी सांगून मोकळा झालो असतो. पण तू म्हणालास, "दिसला तेव्हा आजीची सीडी कॉपी करून घेतली मामा, सगळी गाणी डोळ्याची पापणी लवायच्या आत आली. आता ड्राइव्ह आणि सीड्या भंगारवाल्याला देऊन टाकतो." मी काही बोलायच्या आत तुला दुसरा फोन आला. म्हणून हे पत्र. आणि पत्र वाचून संपेपर्यंत भंगारवाल्याला दारात उभं करू नकोस, एवढं माझं ऐक.

आधी ते कॉपी केलेलं फोल्डर उघड. फाइलच्या नावापुढे 'सीडीए' असं लिहिलेलं दिसेल. त्यातल्या कुठल्याही एका फाइलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघ. ४४ बाइट्स. एवढ्यात आजीचा एक श्वाससुद्धा मावत नाही रे. कॅसेटवरून भरून घेतलेली, सीडी प्लेअरवर वाजणारी सीडी वेगळ्या जातीची असते. तिच्यात फाइली नसतात, सलग आवाज असतो. तो आवाज कुठे सुरू होतो आणि किती वेळ चालतो, एवढाच पत्ता विंडोज त्या सीडीए फाइलीत लिहून दाखवतं. तू गाण्यांचे पत्ते उतरवून घेतलेस, गाणी अजून सीडीतच आहेत. सीडीवरचं एक मिनिट दहा एमबीच्या आसपास भरतं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा मिळून दोन पदर. तासाभराची सीडी म्हणजे सहाशे एमबी झाले. ते काही पापणी लवायच्या आत येत नाहीत. एवढं सोपं गणित, आणि तू कॉम्प्युटर शिकलेला मुलगा! वापरून बघितलीस का ती फाइल, सीडी बाहेर काढून? नाही बघितलीस. कॉपी झाली असं वाटलं की ती उघडून, ऐकून खात्री करायची, हे मी तुला किती लहानपणापासून सांगत आलोय.

आता ड्राइव्हचं. विरार स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने तुला लेन्स साफ करायला सांगितली म्हणे, आणि तू क्लीनर सीडी विकत घेऊन आलास. लेन्सचा इथे काही संबंध नाही. ड्राइव्ह 'वाचत नाही' आणि ड्राइव्ह 'दिसत नाही' हे दोन वेगळे आजार आहेत. लेन्सवर धूळ बसली तर ड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये असतो, सीडी घातली की नुसता घरघरतो आणि रिकामा दाखवतो. तुझा तर ड्राइव्हच गायब होतो. म्हणजे कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांचं बोलणंच मधे तुटतंय. ते कुठे तुटतंय ते शोधायचं.

शोधायला पहिली जागा बायोस. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि यादीत ड्राइव्हचं नाव आहे का बघ. मात्र ट्रेमध्ये सीडी ठेवून चालू करू नकोस. खराब सीडी आत असली की ड्राइव्ह ती ओळखण्यातच गुंतून पडतो आणि बायोसच्या हाकेला वेळेवर ओ देत नाही. बायोसमध्ये तो दर वेळी हजर आणि विंडोजमध्येच गैरहजर असेल, तर खोट सॉफ्टवेअरची. तुझ्या मशीनवर बाबांनी टाकलेलं ते जुनं सीडी रायटिंगचं सॉफ्टवेअर असायचं. तसली सॉफ्टवेअरं काढून टाकली तरी रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' नावाच्या नोंदी मागे ठेवून जातात आणि ड्राइव्हची वाट अडवतात. पण त्या नोंदी असल्या की ड्राइव्ह सहसा कायमचाच गायब राहतो, असा येत-जात नाही. त्यामुळे माझा संशय तिकडे नाही, आणि तू रजिस्ट्रीत हात घालू नकोस.

एक मात्र नीट बघ. मशीन शट डाउन करून चालू केल्यावर ड्राइव्ह दिसत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर दिसतो, असं होतंय का? विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोज पुरतं बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं आणि सकाळी तोच पुन्हा उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. तसा फरक दिसला तर संशय या सोयीवर. म्हणून म्हणतो, वहीत लिही. कधी दिसला, कधी नाही, थंड मशीनवर की तापलेल्या, पाऊस होता की ऊन. तू म्हणशील, मामाला वहीचं वेड आहे. आहेच. माझ्या दुकानात मी इतकी वर्षं टीव्ही आणि कॉम्प्युटर उघडले, आणि येणारी-जाणारी खोट मला नेहमी नोंदीतूनच सापडली आहे. कायमची मेलेली वस्तू कोणीही ओळखतो. मधूनच चालणारी वस्तू तुला काहीतरी सांगत असते, आणि ते लिहून ठेवलं नाही तर दुसऱ्या दिवशी आपणच आपल्या सोयीचं काहीतरी आठवतो.

आणि बायोसमध्येही तो येत-जात असेल, मला तेच होणार असं वाटतंय, तर मी कॅबिनेट न उघडता सांगतो: लूज कॉन्टॅक्ट. आणि लूज कॉन्टॅक्टच्या मागे मीठ.

हसू नकोस. तुझी इमारत विरारच्या पश्चिमेला आहे, गॅलरीतून खाडीकडचं वारं थेट आत येतं, आणि तू हौसेने टेबल तिथेच मांडलंस. त्या वाऱ्यात मीठ असतं. तुझे पणजोबा मिठागरात राबले, त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पावसाच्या आधी मिठाच्या राशी गवताने शाकारून टाकायची घाई का असायची? मीठ हवेतली ओल ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की कोरडं मीठ आपोआप पाणी धरून विरघळायला लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. कॅबिनेटमधल्या पंख्याने वर्षभर ते वारं आत ओढलं. साटाच्या डेटा केबलला सात पट्ट्या, पॉवरला पंधरा, सगळ्यांवर सोन्याचा नुसता हात फिरवलेला. त्यांच्यावर ही खारट ओल बसते, दुपारी मशीन तापलं की सुकते, रात्री पुन्हा धरते. तुझा ड्राइव्ह दुपारी दिसतो आणि सकाळी दिसत नाही असं तूच मला गणपतीच्या मीटिंगच्या वेळी बोलला होतास. मी तेव्हाच कान टवकारले होते.

गावातल्या कितीतरी घरांत मी हे बघितलंय. माणसं मदरबोर्ड बदलतात, हार्ड डिस्क बदलतात, नवीन मशीन घेतात, आणि जुनं मशीन कोणीतरी उचलून नेतो, केबल काढून पुन्हा लावतो आणि पुढची पाच वर्षं वापरतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याला गाड्या रुळांवर अडकून पडल्या, मिठागराच्या वस्तीत लोक अडकले, तेव्हा तळमजल्यावरची मशीनं तर भिजलीच. पण त्यानंतर सहा-आठ महिने जी मशीनं दुकानात आली, ती वरच्या मजल्यांवरची होती, पाण्याचा थेंबही न लागलेली. घरभर ओल राहिली होती, बस. माणसं विचारायची, हे कशाने झालं? मी सांध्यावरची हिरवट बुरशीसारखी पूड दाखवायचो. तांब्यावर ती धरते. लोकांना ती बघूनही पटायचं नाही, त्यांना मोठा बिघाड हवा असायचा. आपल्याकडच्या मशीनला आधी सांधे तपासायचे, मग बाकीचं, हे मी मरेपर्यंत सांगणार.

तेव्हा मशीन बंद कर. नुसतं बंद नको, भिंतीतला स्विच बंद आणि प्लग बाहेर. डेटा केबल दोन्ही टोकांना काढ, ड्राइव्हकडचं आणि बोर्डाकडचं. लावताना खट्ट असा आवाज येऊन चाप बसतो का बघ. बिनचापाची केबल असेल तर चापाची नवीन घे, ती काही महाग नसते. ड्राइव्ह बोर्डावरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लाव, आणि शक्यतो त्याच पोर्टमध्ये जिथे आज हार्ड डिस्क बिनबोभाट चालते. काही बोर्डांवर एक-दोन पोर्ट वेगळ्या चिपवर काढलेले असतात, त्यांचं आणि सीडी ड्राइव्हचं जमत नाही. पट्ट्या पुसायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड. खोबरेल तेल नको, अत्तर नको, आणि तोंडाने फुंकू तर अजिबात नको, थुंकीतही मीठच असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. सगळ्या केबली एकदम हलवल्यास, तर ड्राइव्ह सुरू होईल आणि कशाने झाला ते कायमचं गुलदस्त्यात राहील.

पॉवर तपासायची एक सोपी खूण आहे. डेटा केबल काढून ठेव, नुसती पॉवर लाव, मशीन चालू कर आणि ड्राइव्हचं बटण दाब. ट्रे बाहेर आला तर ड्राइव्हला जेवण पोचतंय. रखडत आला, किंवा कधी येतो कधी नाही, तर पॉवरची वाट बघ. या ड्राइव्हला दोन व्होल्टेज लागतात, आतल्या सर्किटला ५ आणि मोटरला १२. पॉवर देणारा एसएमपीएस म्हातारा झाला की नुसता असताना बरा असतो, सीडी गरगरायला लागली की व्होल्टेज खाली बसतं आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो. मल्टिमीटरवर लाल वायरला पावणेपाचच्या खाली आणि पिवळीला ११.४ च्या खाली आकडा आला तर एसएमपीएस बदलायचा. बदलायचा म्हणतोय, उघडायचा नाही. त्याच्या आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. 

आणि हे लिहिताना मला दुसरंच आठवलं, आणि त्याने हात थांबला. मागे दिवाळीत तू म्हणाला होतास की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते अजून होतंय का? तसं होत असेल तर हे सगळं बाजूला ठेव, आधी वायरमनला बोलाव. भिंतीतल्या स्विचबोर्डाला अर्थिंग आलेलंच नाही, किंवा तुझ्या एक्स्टेन्शनची तिसरी पिन नुसती शोभेला आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर उतरतो, तो अर्थिंगमधून जायला हवा. वाट नसेल तर तो तुझ्या बोटांतून जातो. तो थोडा असतो हे खरं, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर त्याच वाटेने थोडा राहणार नाही. श्रावणात फरशीला पाणी सुटतं, तू घरात अनवाणी, आणि पोरगी आता रांगते, ती टेबलाखालीच जाऊन बसते. मला ते डोळ्यांसमोर येतं आणि ड्राइव्हची चिंता करावीशी वाटत नाही. वायरमन येईपर्यंत मशीनला हात लावू नकोस. हे मी मामा म्हणून सांगतोय, मेकॅनिक म्हणून नाही.

आता सीड्या. तू त्यांना जुना कचरा म्हणालास, ते मला लागलं. तुझी आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरात भटजी नव्हता तेव्हापासून लग्नाचे विधी धवलारणीच्या गळ्यावर चालत आले. मांडव घातला की धवला, हळद लागली की धवला, कुठल्या देवाला आधी बोलवायचं, कुठल्या नातेवाइकाचं नाव कुठे घ्यायचं, सगळं तिच्या तोंडी. आजीला लिहिता येत नव्हतं. तिच्याकडे वही नव्हती, तिच्या सासूकडेही नव्हती. डॉ. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र लोकसाहित्य समितीतून बायकांच्या गाण्यांचे खंडच्या खंड छापले, म्हणून कितीतरी शब्द वाचले. पण छापून शब्द राहतात. चाल, मधला दम, ओळ संपताना आजी आवाज कसा खाली सोडायची, ते कागदावर कसं राहणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. म्हणून आज त्या बायकांचा आवाज कोणालाही ऐकता येतो. आपल्या जूचंद्रच्या रांगोळ्या बघायला बाहेरगावाहून माणसं येतात, त्यांचे फोटो निघतात. धवल्यांचे फोटो निघत नाहीत.

आजीच्या त्या सीडीत तिसऱ्या धवल्याच्या शेवटी आजी खोकते, मागून तुझी आई म्हणते, "पानी दे गो तिला," भांड्याचा आवाज येतो, आणि आजी पाणी पिऊन सोडलेली ओळ बरोबर त्याच सुरात उचलते. आपल्या अक्काच्या लग्नाच्या आदल्या रात्री हे कॅसेटवर भरून घेतलं होतं. कॅसेट केव्हाच चिकटून गेली. राहिली ती ही सीडी, आणि तीही भरलेली सीडी आहे, कारखान्यात छापलेली नाही. हिच्यात आवाज रंगाच्या थरावर लेझरने भाजलेला असतो, आणि तो थर ऊन, ओल, उष्णता यांनी वर्षागणिक फिका पडतो. चकचकीत बाजूवरचा चरा एकवेळ पुसता येतो, पण नाव लिहायच्या बाजूला नुसता एक पातळ लेप आणि त्याखाली लगेच चांदीचा थर. तिथे बॉलपेनने टोचलं तरी तो निघून येतो. तू त्यावर बॉलपेनने नंबर टाकलेस का रे? टाकले असतील तर आणखी टाकू नकोस.

म्हणून ड्राइव्ह दुरुस्त करणं नंतर, अर्थिंगचं झालं की आधी आवाज उतरवणं. तो दिसतोय ना अधूनमधून, तेवढा वेळ आपला. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते संशय आलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचून पडताळतं. सगळी सीडी एकदम देऊ नकोस, एकेक गाणं घे, म्हणजे मधेच ड्राइव्ह गेला तर एकच गाणं अर्धं राहील. आणि सुरुवात शेवटच्या गाण्यापासून कर. सीडी आतून बाहेर भरत जाते, शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात, बोटंही तिथेच लागतात, आणि खराब व्हायला लागते तीही बहुधा कडेकडून. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेव, एमपी३ मागाहून कर. तुझ्याकडच्या लग्नाच्या फोटोंच्या सीड्यांना हे सॉफ्टवेअर चालत नाही, त्या साध्या फाइलींच्या आहेत. त्यातल्या एखादीवर मशीन अडकलं तर जबरदस्ती न करता बाजूला ठेव. त्यासाठी लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' आहे, ते कुठवर वाचलं त्याची नोंद ठेवतं, आणि उरलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. ते मी इकडे करीन.

उतरवलेलं ऐक. पूर्ण ऐक, घाईत पुढे ढकलून नाही. मग एक प्रत तुझ्याकडे, एक पेन ड्राइव्हवर माझ्याकडे, एक अक्काकडे पनवेलला.

नाहीच जमलं तर पुढच्या रविवारी सीड्या घेऊन इकडे ये. माझ्याकडे दोन जुने ड्राइव्ह चालू आहेत. एकाला जी सीडी वाचता येत नाही ती दुसऱ्याला कधीकधी वाचता येते. बाइकच्या डिकीत घालून आणू नकोस, ती उन्हात तापते आणि पावसात भिजते. पिशवीत उभ्या ठेव, विरारहून सकाळची गाडी पकड, नायगावला पूर्वेला उतरून रिक्षा कर. पोरीला आण. मामी तांदळाच्या भाकऱ्या करणार आहे, आणि श्रावण पाळतोस की नाही ते आधी कळव.

तुझा,
मामा

ता. क. ड्राइव्हला पॉवर देताना जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटाला जाणारी जोडणी त्या दुकानातल्या मुलाने लावली आहे का बघ. असेल आणि तिचं डोकं एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचं असेल, वायरी वेगवेगळ्या खोचलेल्या दिसत नसतील, तर ती आजच काढ. तसल्या जोडण्या आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकतात. काढण्याआधी मला तिचा फोटो पाठव, पण प्लग भिंतीतून काढल्यावर.